सात ते नऊ

"जरा डावीकडे. डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे, तुझ्या नव्हे."

टॉर्चचा उजेड सरकला. लाइनमन टीव्हीच्या कपाटामागे कुशीवर पडला होता. एक गाल गार फरशीवर, एक हात कपाट आणि भिंत यांच्या फटीत कोपरापर्यंत आत. सहासष्टाव्या वर्षी माणसाने असं पडू नये हे कमरेने त्याला दोनदा सांगून झालं होतं.

"दिसलं काही?" टॉर्च धरून उकिडव्या बसलेल्या धाकट्या भावाने विचारलं.

"धूळ दिसली. वहिनीला सांगू नकोस तुझ्या."

धाकटा हसला. खुर्चीत बसलेली वहिनी हसली नाही. तिची नजर छताकडे होती आणि डावा हात, तिचा चालणारा हात, वर उचललेला होता.

"पुन्हा वर हात करतेय का ती?" लाइनमनने फटीतूनच विचारलं. "पंखा नको झाला असेल. बंद कर बरं."

धाकट्याने उठून पंखा बंद केला आणि पुन्हा येऊन टॉर्च धरला. हात वरच राहिला. टीव्हीच्या निळ्या पडद्यावर 'जोडत आहे' अशी अक्षरं आली, बराच वेळ थांबली आणि त्यांच्या जागी 'जोडता आले नाही' आलं.

*तक्रार ११. वेळ: सात वाजून दोन मिनिटं. लक्षण: तेच. काम: डबी मागून पुसली, अँटेना उजवीकडून डावीकडे घेतला. सोबत: धाकटा. निकाल:*

वहीतला निकालाचा रकाना त्याने मोकळा सोडला. दोष सापडेपर्यंत तो रकाना भरायचा नाही, ही टेलिफोन खात्यातली सवय. तिथे तेहतीस वर्षं त्याने खांबांवर चढून लोकांचं बोलणं जोडून दिलं होतं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी गल्लीत त्याला लाइनमनच म्हणत, आणि नाव विचारलं तर दोघे-चौघे एकमेकांकडे बघत.

आता डबी. टीव्हीखालच्या फळीवर ठेवलेला तळहाताएवढा काळा संगणक. दूरच्या शहरात नोकरीला असलेल्या मुलीने गेल्या वर्षी बसवून दिला, वर एक बोटभर कॅमेरा चिकटवला, आणि सगळं तारेशिवाय चालतं असं बापाला सांगितलं. तारेशिवाय हा शब्द लाइनमनला तेव्हाच खटकला होता. पण बायकोसाठी होतं, म्हणून तो गप्प बसला.

बायकोला गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, उजवीकडचं दिसणं गेलं आणि बोलणं गेलं. पाय थोडा परत आला. बोलण्यासाठी इस्पितळातल्या बाईंनी रोज संध्याकाळी सातचा वर्ग सांगितला. पडद्यावर बाई आणि सहा घरांतली सहा माणसं, पाऊण तास. बाई ओठ मोठे करून शब्द म्हणायच्या, माणसं त्यांच्या ओठांकडे बघून म्हणायची. प्रत्येक घराने आपापल्या वस्तूंचे आणि माणसांचे फोटो चिकटवून पुठ्ठ्याची कार्डं केली होती. खिडकी, तांब्या, चप्पल, मुलगी, नवरा, दीर. मोठा टीव्ही हवाच होता. लहान पडद्यावर तिला बाईंचा अर्धाच चेहरा दिसायचा, आणि अर्ध्या ओठांवरून कोण काय शिकणार.

"रोज, बरं का," बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "शब्द नवे असतात तेव्हा ओले असतात. दोन दिवस हात लावला नाही की निसटतात."

दुसऱ्या महिन्यात तिचा पहिला शब्द आला. धाकट्याच्या फोटोवर बोट ठेवून ती म्हणाली, "भावजी."

लाइनमन शेजारीच बसला होता. "वा," तो म्हणाला, "एकेचाळीस वर्षं संसार माझ्याशी, आणि पहिली हाक दिराला." पडद्यावरची बाकीची पाचही घरं हसली. ती लाजली. एकाच बाजूने लाजली, पण लाजली.

त्याला खरं तर बरं वाटलं होतं. झटका आला त्या दुपारी तो वीज मंडळाच्या रांगेत होता. घरी फक्त धाकटा होता, वरच्या मजल्यावर. आवाज ऐकून तोच धावत खाली आला, तिला एकट्याने उचलून गाडीत घातलं आणि वीस मिनिटांत इस्पितळ गाठलं. डॉक्टर म्हणाले होते, आणखी अर्धा तास गेला असता तर. पुढचं ते म्हणाले नाहीत.

त्यामुळे पहिली हाक धाकट्याला, यात वावगं काही नव्हतं.

*तक्रार १. वेळ: सात. वर्ग सुरू होताना जोड गेली. नऊनंतर आपोआप आली. काम: डबी बंद करून चालू केली.*

*तक्रार २. सात. पुन्हा तेच. मुलीला फोन. तिच्या सांगण्यावरून जोड विसरायला लावून पासवर्ड नव्याने घातला. सकाळी चालली. संध्याकाळी नाही.*

*तक्रार ४. डबीजवळचं लोखंडी कपाट हलवलं. एकट्याने हलवलं, हे मुलीला सांगू नये.*

*तक्रार ५. वरच्या राउटरपासून खाली वायर सोडावी असं धाकट्याला सुचवलं. तो म्हणाला बघू, भिंतींना आत्ताच रंग दिलाय. बरोबर आहे.*

*तक्रार ६. वर धाकट्याच्या मिसेसना सातनंतर मायक्रोवेव्ह लावू नका अशी विनंती. त्यांनी चार दिवस लावला नाही. फरक नाही. त्यांना थँक्यू म्हणणे राहिले.*

*तक्रार ८. धाकट्याने त्याचा फोन डबीशेजारी धरून दाखवला. फोनला पूर्ण रेंज. म्हणजे वरून येतंय ते ठीक आहे. दोष डबीत.*

*तक्रार ९. डबीला बाहेरचा अँटेना. नवीन आणला.*

*तक्रार १०.*

दहावी कोरीच आहे. त्या दिवशी त्याने काहीच केलं नव्हतं. सात वाजता ती कार्डं मांडीवर घेऊन बसली, पडदा निळा झाला, आणि पाऊण तास दोघं निळ्या पडद्यासमोर बसून राहिली. पावणेआठला तिने कार्डं नीट एकावर एक ठेवली, रबर लावलं आणि त्याच्याकडे दिली. वर्ग सुटला की ती रोज असंच करायची.

राउटर वर धाकट्याच्या खोलीत होता. दोन्ही मजल्यांना मिळून एकच. भिंतीवर स्क्रू मारून तो बसवला होता लाइनमननेच. एवढे दिवस तो राउटरपाशी का गेला नाही, असं कोणी विचारलं असतं तर त्याने नियम सांगितला असता. नवीन पोरांना खांबावर चढवण्याआधी तो हा नियम घोकून घ्यायचा. तक्रार आली की आधी तक्रार करणाऱ्याच्या घरातून सुरुवात करायची. आधी त्याचं यंत्र, मग त्याची वायर, मग त्याची भिंत. आपल्या घरातलं सगळं तपासून होत नाही तोवर दुसऱ्याच्या खांबाकडे बोट दाखवायचं नाही. या नियमाने त्याला आयुष्यभर साथ दिली होती.

हे वहीत नाही:

एकदा एका दवाखान्याची लाइन रोज दुपारी चारला मरायची. साडेचारला जिवंत. आठवडाभर खात्यातल्या चार जणांनी ती रस्ताभर तपासली. शेवटी लाइनमन नुसताच चारला कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. चारला शेजारचा माळी आला, नळी लावली, झाडांना पाणी घातलं. पाणी जमिनीतल्या सांध्यात जात होतं. साहेबांनी विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, पावसाकडे घड्याळ नसतं, उंदराकडे नसतं, गंजाकडेही नसतं. वेळ पाळून येणाऱ्या दोषामागे माणूस असतो.

हे तो कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगत आला होता. तीन आठवडे स्वतःला सांगायचं मात्र राहून गेलं.

"बाबा, आता राउटरचंच पान उघडू या," मुलगी फोनवर म्हणाली. लाइनमनचा फोन बटणांचा, कानाला लावण्यापुरता. "सकाळी डबी चालते ना? मग टीव्हीवरच उघडेल. मी सांगते तसे आकडे टाका."

"तुझ्या काकाला विचारून करू."

"कशाला? नुसतं बघायचंय. हात नाही लावायचा कशाला. राउटरच्या मागे पासवर्ड चिकटवलेला असतो, तो लागेल."

तो वहीत होता. राउटर बसवला त्या दिवशी लाइनमनने तो उतरवून घेतला होता. सवय.

बायको खुर्चीत होती. त्याने तिच्या मांडीवरचं पांघरूण सारखं केलं, कळफलक गुडघ्यावर घेतला आणि एकेका बोटाने आकडे टाकले. टीव्हीवर पान उघडलं. याद्याच याद्या. मुलगी सांगत गेली, तो एकेक रकाना उघडत गेला. जोडलेली यंत्रं. ठीक. पासवर्ड. ठीक.

"आता 'वेळेनुसार बंदी' असं काही दिसतंय का? लहान मुलं असतात त्या घरात वापरतात ते. तुमच्याकडे रिकामंच असेल, पण बघा."

त्याने बघितलं.

बावन्न इंची टीव्ही. अक्षरं वीतभर.

एकच ओळ होती. आधी बारा आकडे-अक्षरांची लांबलचक खूण. मग वेळ, सात ते नऊ. दिवस, सगळे. सगळ्यात शेवटी नावाचा रकाना होता, ज्याने ओळ घातली त्याने स्वतः टंकलेला.

वहिनी.

लाइनमनने डबी उचलून उलटी केली. तळाला बारीक कागद चिकटवलेला होता. बारा आकडे-अक्षरं. चष्मा कपाळावर ढकलून त्याने एकेक जुळवून पाहिलं. बाराही जुळली. राउटरच्या यादीत अशा कितीतरी नुसत्या खुणा होत्या; त्यातली डबीची कोणती, ती खूण फक्त डबीच्या पोटाखाली लिहिलेली होती. ती हवी असेल तर इथे, या खोलीत येऊन, फळीपाशी वाकून, डबी उलटी करावी लागली असती.

त्याने बायकोकडे पाहिलं. तिचा डावा हात वर गेला होता. बोट छताकडे. पंखा बंदच होता. पंख्याच्या वर छत होतं, आणि छताच्या वर धाकट्याची खोली.

"तू बघितलंस?" त्याने हळूच विचारलं.

तिने डोळे मिटले आणि उघडले. म्हणजे हो.

"मी बाजारात गेलो होतो तेव्हा?"

मिटले, उघडले. मग हात सावकाश खाली आला आणि मांडीवर पडून राहिला. इतके दिवस उचलून धरलेलं ओझं एकदाचं खाली ठेवावं तसा.

"बाबा? काय दिसतंय?" फोनमधून आवाज आला.

"काही नाही," लाइनमन म्हणाला. "रिकामं आहे."

"मग डबीच गेली असेल. मी दुसरी पाठवते."

"नको. बघतो मी. सापडेल."

ती ओळ तिथल्या तिथे पुसता आली असती. लाल फुलीचं चित्र शेजारीच होतं. त्याने पुसली नाही. दुसऱ्याने मारलेला सांधा त्याला न सांगता उघडायचा नाही, हाही खात्याचाच नियम.

त्या दिवशी पावणेसातला त्याने जिन्यात उभं राहून हाक मारली. "अरे, मोकळा आहेस का दहा मिनिटं? एकदा शेवटचं बघू. टॉर्च आण."

"दादा, सव्वासातला माझी बैठक असते."

"सातपर्यंतच."

धाकटा आला. टॉर्च लाइनमनचाच होता, खात्यातला, पितळी. धाकट्याला पहिली नोकरी लागली तेव्हा त्याने तो दिला होता, अंधारात यायला-जायला लागेल म्हणून. लाइनमन नेहमीसारखा कपाटामागे आडवा झाला. धाकटा नेहमीसारखा उकिडवा बसला. ती खुर्चीत. आज तिचा हात मांडीवर होता.

"वर धर जरा. हां. आज काय, बैठक लांबची?"

"लांबच्या ऑफिसची. तिकडचे साहेब असतात. रोजचंच झालंय आता."

"रोजच? सात ते नऊ?"

"हो, साधारण."

"किती वाजले?"

"सातला एक मिनिट."

पडद्यावर बाईंच्या वर्गाचं निळ्या दाराचं चित्र दिसत होतं, वर्ग उघडायच्या आधी यायचं ते. ते गेलं. 'जोडत आहे.'

"गेलं?" लाइनमनने विचारलं.

"गेलं, दादा. डबीतच काहीतरी आहे बघ. मी म्हटलं होतं तुला."

"म्हटलं होतंस." तो फटीतच होता, चेहरा भिंतीकडे. "उजेड हलतोय तुझा."

"हात अवघडला."

"तीन आठवडे अवघडला नाही तो." मग अगदी कामाचं काहीतरी विचारावं तशा आवाजात तो म्हणाला, "मला एक सांग. रकान्यात वहिनी कशाला लिहिलंस? नुसता आकडा ठेवला असतास तरी चाललं असतं."

टॉर्चचा गोल भिंतीवरून फरशीवर उतरला आणि तिथेच थांबला.

लाइनमन बाहेर आला. सावकाश, आधी कोपर, मग गुडघा. धाकट्याने हात पुढे केला. त्याने कपाटाला धरून उठणं पसंत केलं.

"माझा पडदा गोठायचा, दादा," धाकटा म्हणाला. "साहेबांसमोर. दोनदा झालं. तिसऱ्यांदा झालं असतं तर मला काढलं असतं त्यांनी. तुमचं चित्र मोठं, सगळं ओढून घेतं ते. मी तात्पुरतं म्हणून केलं. दोन दिवसांसाठी."

"मग खाली येऊन सांगायचं. एवढा जिना उतरून."

"सांगितलं असतं तर तू लगेच बंद केलं असतंस."

"केलंच असतं. बाईंना वेळ बदलून मागितली असती."

"तेच." धाकट्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "मागितलं असतं तर तू दिलं असतंस. नेहमी देतोस. शाळेपासून देतोयस. मला पुन्हा एकदा तुझ्याकडून घ्यायचं नव्हतं."

लाइनमनने थोडा विचार केला. त्याला हे समजलं, आणि समजल्यावर आणखी वाईट वाटलं.

"बरं, ते घेतलंस न विचारता," तो म्हणाला. "होतं. पण मी इथे भिंतीला नाक लावून पडायचो, आणि तू टॉर्च धरायचास. अकरा वेळा तरी. तू 'दिसलं काही?' असं विचारायचास मला."

धाकट्याने टॉर्च विझवला.

"आणि ती वर बोट करायची तेव्हा मी तुला पंखा बंद करायला सांगायचो. तू उठून करायचास. काय वाटायचं तुला उठताना?"

"दादा, पुरे."

"मलाही पुरे. जा, साहेब वाट बघत असतील."

धाकटा खुर्चीकडे वळला. "वहिनी," तो म्हणाला आणि पुढे वाक्य सापडेना म्हणून तसाच उभा राहिला. तिने तिच्या चांगल्या बाजूचा डोळा त्याच्यावर ठेवला होता. त्यात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

*तक्रार १९. वेळ: सात. दोष सापडला. कारण:*

कारण या शब्दापुढे त्याने पेन बराच वेळ धरलं. खात्याच्या वहीत कारणासाठी ठरलेले शब्द असत. ओल. उंदीर. सांधा सैल. परक्याने वायर कापली. चौथ्यावर तो थोडा थांबला आणि पुढे गेला. परका हा शब्द इथे लिहायला त्याचा हात धजला नाही, आणि दुसरा कुठला शब्द खात्याने दिलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सातला पडदा निळा झाला नाही. दार उघडलं. बाई आल्या, मागोमाग पाच घरं. सहावं घर तीन आठवड्यांनी परत आलं म्हणून सगळ्यांनी हात हलवले. एक आजोबा, जे आधी फक्त 'बस' म्हणायचे, ते म्हणाले, "या, बसा." ते दोन शब्दांवर पोचले होते. आणखी एक ताई अख्खं वाक्य म्हणत होत्या.

"चला, आपण जिथे थांबलो तिथून घेऊ," बाई तिला म्हणाल्या. "घाई नाही. तांब्या?"

ओठ हलले. "तां." मग काहीच नाही. आणखी एकदा "तां."

"चप्पल?"

नाही. लाइनमन तिच्या शेजारी बसून स्वतःच्या गुडघ्याकडे बघत होता. तीन आठवड्यांपूर्वी चप्पल येत होती. नवराही येत होता, म्हणजे "अहो" येत होतं, उशिरा का होईना. त्याचं कार्ड समोर धरलं तेव्हा तिने खूप प्रयत्न केला, कपाळावर घाम आला, आणि फक्त श्वास बाहेर पडला. ती त्याच्याकडे बघून कसनुशी झाली. "असू दे," तो म्हणाला. "मी काही पळून जात नाही."

दारात पावलं वाजली. धाकटा उभा होता. हातात पितळी टॉर्च, परत द्यायला आणलेला. आज तो बैठकीला बसला नव्हता, किंवा उशिरा बसणार होता. आत ये असं कोणी म्हटलं नाही, म्हणून तो उंबऱ्यातच थांबला.

"अरे, हे तर तुमचे दीरच ना? कार्डावरचे?" बाईंनी पडद्यातून ओळखलं. "मग सोपंच झालं. हा तर तुमचा पहिला शब्द. पहिला शब्द सहसा जात नाही. चला, कार्ड घ्या. हाक मारा त्यांना."

तिने गठ्ठ्यातून कार्ड काढलं. धाकट्याचा फोटो, हसरा, केस विंचरलेले. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं.

"भा," बाई ओठ मोठे करून म्हणाल्या. "भा..."

लाइनमनचं लक्ष बायकोच्या ओठांवर होतं. चप्पल म्हणताना ते हलले होते. अहो म्हणताना थरथरले होते. आत्ता ते एकमेकांवर शांत, सारखे टेकलेले होते, दोन्ही बाजूंनी.

"भाव..." बाईंनी आणखी मदत केली.

धाकट्याने टॉर्च एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"गेला वाटतं," बाई जरा हळहळून म्हणाल्या आणि काहीतरी लिहून घेतलं. "खंड पडला ना. होतं असं. पुन्हा बसवू आपण."

लाइनमनला सांगता आलं असतं. त्याने सांगितलं नाही.

तिने कार्ड उलटं केलं, फोटो खाली, आणि मांडीच्या कडेला ठेवलं. मग डाव्या हाताने गठ्ठ्यातलं पुढचं कार्ड उचलून कॅमेऱ्यासमोर सरळ धरलं. बाईंनी ओठ हलवायच्या आधीच ती म्हणाली, सावकाश, पण तिन्ही अक्षरं पूर्ण:

"खिडकी."